धोबीतलावची सनद

गुंडाळीचा फळा काखेत, तक्त्यांची सुरळी हातात आणि टाचणवही शबनम पिशवीत, अशा सरंजामानिशी बोरिवली, अंधेरी, मुलुंड किंवा घाटकोपर येथे सकाळच्या लोकलमध्ये घुसणारी तरुण मंडळी ज्याने पाहिली नाही, त्याला मुंबईच्या उपनगरांतील एक जुना पेशा घडताना पाहावयास मिळालेला नाही, असे म्हणावे लागेल. ही बी.एड.ची, आणि त्यापूर्वी बी.टी.ची, विद्यार्थी-शिक्षक मंडळी. त्यांतही ज्यांचा अध्यापनविषय इंग्रजी असे त्यांची खूण निराळी होती. इतिहास-भूगोलवाले गाडीत खुशाल गप्पा मारीत. इंग्रजीवाला मात्र तोंडातल्या तोंडात आपला पाठ घोळवीत बसे, कारण तासिका सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत आपल्या मुखातून एकही मराठी शब्द निसटता कामा नये, ही त्याची धास्ती असे. मराठी मुलांना इंग्रजी शिकविण्याची विद्या आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे रीतसर दिली जात आहे, आणि त्यातला बराच काळ ती या अटीवर दिली गेली की शिकविणाऱ्याने आपली मराठी, वहाणांप्रमाणे, वर्गाच्या उंबरठ्याबाहेर काढून ठेवावी. गंमत अशी की, ही विद्या ज्यांच्या हातून रुजली त्यांतले अग्रणी मराठीत आकंठ बुडालेले होते. या विसंगतीचा माग काढावा असे बरेच दिवस मनात होते.

उपनगरांची ही भूमी म्हणजे जुनी साष्टी. वसईच्या मोहिमेत ती पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन ती बळकावली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने त्या बळकावणीवर शिक्कामोर्तब झाले. अंमल बदलला तरी गावकीचे दफ्तर लगेच बदलत नाही. जमाबंदीचे कागद मोडीतच लिहिले जात राहिले. इंग्रजीची गरज येथे प्रथम भासली ती शेटसावकारांना नव्हे, तर पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या, परंतु घरात मराठीच बोलणाऱ्या कोळी-शेतकरी कुटुंबांतील मुलांना. ही मुले कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत आणि पुढे रेल्वेत कारकुनीस लागली, आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, गोव्याहून व मंगळुराहून येणाऱ्या धर्मबांधवांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. नाव इंग्रजी, ओवी मराठी, प्रार्थना लॅटिन आणि पगारपत्रक पुन्हा इंग्रजी, असा त्यांचा संसार होता. अंधेरी, मरोळ, कुर्ले या बाजूच्या गावांतून चर्चच्या आवारात ज्या शाळा निघाल्या त्यांत इंग्रजी शिकविणाऱ्याला ते कसे शिकवावे हे कोणी शिकविलेले नसे. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला सांगावे, इतकाच त्यामागचा विचार.

हा विचार केवळ खेड्यांतला नव्हता, खुद्द मुंबईचाही तोच होता. १८४५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने अध्यापनवर्ग निघाला आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. तेरा वर्षांपूर्वी, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी काढलेल्या 'दर्पणा'चा अंक ज्याने पाहिला असेल त्याला हे आठवेल की, त्याच्या पृष्ठावर एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी चालत. एका भाषेतून दुसरीत जावयाचे आणि परत यावयाचे, ही येरझार बाळशास्त्र्यांच्या रक्तात मुरलेली होती. दुर्दैवाने १८४६च्या मे महिन्यात, ऐन चौतिशीत, ते गेले. आणि वर्ग आला दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे, ज्यांच्या १८३६च्या व्याकरणामुळे त्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हटले गेले. त्यांच्या आडनावातले तर्खड हे गाव वसईकडले, म्हणजे बोरिवलीवरून खाडी ओलांडली की पलीकडचेच. हा अध्यापनवर्ग मराठी शाळांच्या पंतोजींसाठी होता हे खरे. इंग्रजीच्या मास्तरांसाठी तसे काही असावे असे सरकारला त्यानंतर साठ वर्षे वाटले नाही. १८५७ साली विद्यापीठ निघाले, १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि जो मॅट्रिक झाला तो खालच्या वर्गांना व जो बी.ए. झाला तो वरच्या वर्गांना इंग्रजी शिकविण्यास आपोआप लायक ठरला.

मग हे मास्तर शिकवीत तरी कसे? तर भाषांतराने. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या नावाने चालणारी क्रमिक पुस्तके आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर नांदलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, ही त्यांची आयुधे. नियम सांगावयाचा, शब्द पाठ करून घ्यावयाचे, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. या पद्धतीने शिकलेला मनुष्य मिल्टन वाचू शके, कोर्टात अर्ज लिहू शके. मात्र व्हिक्टोरिया टर्मिनसवर एखाद्या साहेबाने वाट विचारली तर त्याच्या तोंडून अवाक्षर निघत नसे, ही तिची उणीव सर्वश्रुत आहे. पण या पद्धतीची आज जी सर्रास टवाळी होते ती मला पटत नाही. कर्मणि प्रयोग म्हणजे काय हे त्या मुलांना दोन्ही भाषांत एकदम कळे, आणि इंग्रजी शिकता शिकता त्यांचे मराठीही तासले जाई. गेल्या शतकातील मराठी गद्याचा बांधेसूदपणा त्या भाषांतराच्या वह्यांतून किती आला असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१९०४च्या मार्चमध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक धोरणाचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात दोन गोष्टी ठळकपणे होत्या: मुलाचा मातृभाषेचा पाया पक्का झाल्यावाचून त्यास इंग्रजी शिकवू नये, आणि माध्यमिक शाळांच्या शिक्षकांस अध्यापनकलेचे शिक्षण दिले जावे. कर्झनविषयी आपल्याकडे चांगले बोलण्याची वहिवाट नाही. पण १९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले ते याच हवेत. धोबीतलावापाशी आजही उभे असलेले हे कॉलेज शिक्षकवर्गात 'एस.टी.सी.' या तीन अक्षरांनी ओळखले जाते, आणि बी.टी.चा दाखला हा पुढे हायस्कुलातल्या मास्तरकीची जणू सनदच होऊन बसला.

या कॉलेजचे प्राचार्यपद भूषविणारे जे. नेल्सन फ्रेझर यांच्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. ते आढळते वारकरी वाङ्मयाच्या ग्रंथालयात. के. बी. मराठे यांच्या सहकार्याने त्यांनी तुकारामबोवांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. हे दृश्य मोठे विलक्षण आहे. दिवसा हा गृहस्थ मराठी पदवीधरांना इंग्रजी कसे शिकवावे याचे धडे देत असेल, आणि उरल्या वेळी 'भक्ती', 'लाघव', 'बोध' अशा शब्दांना इंग्रजीत काय म्हणावे याच्या विवंचनेत एका मराठी माणसापुढे शिष्य होऊन बसत असेल. भाषा शिकविणाऱ्याने स्वतः एखादी परकी भाषा शिकत असावे, म्हणजे अडखळणे कसे असते ते त्याच्या विस्मरणात जात नाही, असे नियम मांडणाऱ्या ग्रंथांत पुष्कळदा लिहिलेले असते; फ्रेझरसाहेबाने ते आचरणात आणले. थॉमस स्टीफन्सनेही तीन शतकांपूर्वी गोव्यात तेच केले होते. तो इंग्लंडातून आला, येथली भाषा शिकला आणि १६१६ साली क्रिस्तपुराण मराठीत छापून मोकळा झाला. पण स्टीफन्सला कोणाला इंग्रजी शिकवावयाचे नव्हते, फ्रेझरला होते.

आणि याच सुमारास खात्यात वारे वाहू लागले ते नेमके उलट दिशेचे. त्याचा उगम फार दूरचा आहे. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे १८७८ साली मॅक्सिमिलियन बर्लिट्झ याने भाषाशाळा काढली आणि फ्रेंच शिकविण्यासाठी एका फ्रेंच तरुणास नेमले. तो कामावर आला तेव्हा उघड झाले की, त्याला इंग्रजीचा गंधही नाही. बर्लिट्झ त्याच वेळी आजारी पडला, आणि वर्ग त्या तरुणाने वस्तू दाखवून, हातवारे करून, निव्वळ फ्रेंचमधून चालविला. काही आठवड्यांनी बर्लिट्झ परतून पाहतो तो विद्यार्थी फ्रेंचमध्ये बोलत आहेत, अशी आख्यायिका सांगतात. प्रत्यक्ष, म्हणजेच थेट, पद्धतीची प्रसिद्धी या अपघातापासून झाली. म्हणजे शिक्षकाला विद्यार्थ्यांची भाषा येत नव्हती, हे त्या पद्धतीचे व्यंग होते. पुढे तेच तिचे तत्त्व ठरले. ज्या वर्गात दहा देशांचे विद्यार्थी दहा भाषा घेऊन बसले आहेत तेथे दुसरा मार्गच नाही, आणि आज परदेशांत एकशेवीस तासांत इंग्रजीचा शिक्षक तयार करून देणारे जे अभ्यासक्रम आहेत ते तशा वर्गांसाठीच आहेत. पण पार्ल्याच्या किंवा घाटकोपरच्या वर्गात गुरू मराठी, शिष्य मराठी, भिंतीवरचा सुविचारही मराठी. तेथे एकमेकांची भाषा न कळण्याचे सोंग दोघांनी कशासाठी आणावयाचे?

मुंबई इलाख्यात या पद्धतीचा कैवार घेणारा अधिकारी होता पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. १९०३ साली तो कराचीस आला, कराची तेव्हा आपल्याच इलाख्यात. तेथे हेडमास्तरकी आणि नंतर शिक्षणखात्यातली अधिकारपदे त्याने सांभाळली, आणि हिंदुस्थानातील शाळांतून इंग्रजी थेट इंग्रजीतूनच कसे शिकवावे यावर १९११ साली पुस्तक लिहिले. दैवगती पाहा. पुढे हा गृहस्थ जगभर गाजला तो परकी पलटणीतल्या शिपायांवरील 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे, आणि आपल्याकडे अमर झाला तो 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणामुळे, जे त्या थेट पद्धतीच्या अगदी विरुद्ध टोकाचे: नियम, अपवाद, गाळलेल्या जागा. उपनगरातल्या कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावर ते लाल पुस्तक अजून हटकून मिळते. त्याचे थेट पद्धतीचे पुस्तक कोणी विचारीतही नाही.

१९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला, १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले, आणि गिरगाव-दादरची मध्यमवर्गीय कुटुंबे जागेच्या शोधात उत्तरेस सरकू लागली तशी हायस्कुले, आणि हायस्कुलांबरोबर 'ट्रेण्ड' मास्तरांची मागणी वाढू लागली. उपनगरातल्या मास्तराला ती सनद मिळविण्यासाठी गाडीने धोबीतलाव गाठावा लागे; सेंट झेवियर्सची शिक्षणसंस्था १९५३ साली निघाली तीही चर्चगेटच्या अंगाला. सांताक्रूझ, खार, विद्याविहार येथे अध्यापक महाविद्यालये उघडली ती नंतर. आचार्य अत्र्यांसारखा मनुष्यदेखील आधी बी.टी. झाला आणि १९२८ साली लंडन विद्यापीठाची शिक्षकपदविका घेऊन आला. विनोदाच्या या बादशहाने क्रमिक पुस्तकांत जे नवे चैतन्य आणले त्याच्या मुळाशी ही तालीम होती, हे त्याने गाजविलेल्या सभांच्या श्रोत्यांना बहुधा ठाऊकही नसेल. बी.टी.च्या वर्गात शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पायऱ्या शिकविल्या जात: प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन आणि पुढचे सारे. टाचणवहीत उभे रकाने आखावयाचे, एकात शिक्षकाने काय बोलावे व दुसऱ्यात विद्यार्थ्याने काय उत्तर द्यावे हे आदल्या रात्रीच लिहून ठेवावयाचे. विद्यार्थ्याने भलतेच उत्तर दिले तर काय करावे, याचा रकाना वहीत नसे.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढले आणि ते आठवीपासून ठेवले. देशी भाषांना न्याय देण्याची ती इच्छा प्रामाणिक होती. पण इंग्रजीच्या शिक्षकावर त्यामुळे सात वर्षांचे काम चार वर्षांत उरकण्याची पाळी आली. पाठोपाठ, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, १९५४च्या जानेवारीत परिपत्रक निघाले की, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाच्या नागरिकांखेरीज इतर मुलांस प्रवेश देऊ नये. देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालविणाऱ्या संस्थेने दावा लावला आणि मे महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दबातल ठरविले. उपनगरांवर या निकालाचा परिणाम खोल झाला. १९५० साली अंधेरी-घाटकोपर व १९५७ साली बोरिवली-मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आली, चाळींच्या जागी सोसायट्या उठू लागल्या, आणि प्रत्येक वस्तीत इंग्रजी माध्यमाची एक शाळा आणि मराठी माध्यमाची एक शाळा समोरासमोर उभी राहिली. दोन्हींकडे इंग्रजी शिकविणारा बहुधा त्याच कॉलेजातून तयार झालेला असे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आले, आणि या वेळी ते रचनाधिष्ठित पद्धतीचा पोशाख घालून आले. हैदराबादेस १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली होती. तेथे तयार झालेले प्रशिक्षक, मायकेल वेस्टने निवडलेल्या सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीसारखी साधने, आणि एका वेळी एकच वाक्यरचना घोटून घेण्याचा क्रम, हे सर्व शाळांपर्यंत झिरपले. शिक्षक वर्गात चालू लागे आणि चालता चालता म्हणे, 'आय ॲम गोइंग टु द डोअर'. दाराशी पोचल्यावर विचारी, 'व्हॉट डिड आय डू?' मागल्या बाकावरच्या मुलांना शिक्षक खरोखर निघाला असे वाटून जो आनंद होई, त्याची नोंद कोणत्याही निरीक्षणवहीत नाही. या पद्धतीने मुलांची तोंडे उघडली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. भाषांतरवाल्यांना ते जमले नव्हते.

माझी स्वतःची सनद या पद्धतीच्या उतरत्या काळातली. घाटकोपरच्या एका शाळेत जुलै महिन्यात सातवीवर माझा सराव पाठ होता आणि धड्यात 'ड्रिझल' हा शब्द होता. मराठी वर्ज्य. मी दोन्ही हात वर करून बोटे हलवीत खाली आणली. एकजण म्हणाला, 'टायपिंग!' दुसरा म्हणाला, 'टिकलिंग!' मी खिडकीबाहेर बोट दाखविले, तर नेमके ऊन पडलेले. फळ्यावर ढग काढला, त्याखाली बारीक ठिपके दिले. मुलांनी एकमुखाने 'रेन' म्हटले आणि ती आपल्या परीने खरेच बोलत होती. सहा मिनिटे गेली. शेवटी मी हळूच म्हणालो, 'भुरभुर.' साऱ्या वर्गातून 'हां!' असा जो सुस्कारा उठला तो मला अजून ऐकू येतो. एका मुलीने तर लगेच भुरभुर आणि रिमझिम यांत फरक काय, असा प्रश्न केला, आणि इंग्रजीच्या त्या तासाला प्रथमच काही शिकण्यासारखे निघाले. मागे बसलेल्या मार्गदर्शकांनी वहीत तांबड्या शाईने शेरा मारला: 'मातृभाषेचा आश्रय घेतला.' गुण कापले गेले. पाठ आटोपून आम्ही दोघे स्टेशनाकडे निघालो तेव्हा आभाळ भरून आले होते, आणि मी छत्री चाचपू लागलो तसे ते म्हणाले, 'अहो, भुरभुरतंय नुसतं, छत्री कशाला उघडता?'

२००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या निर्णयाने मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, आणि जिने स्वतः पाचवीत मुळाक्षरे गिरविली त्या प्राथमिक शिक्षिकेवर सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी बडबडगीते म्हणून दाखविण्याचा प्रसंग आला. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. आणि शालान्त परीक्षेच्या मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिकेवर इंग्रजी आजही 'तृतीय भाषा' म्हणूनच मिरवते, जरी पालकांच्या मनात तिचा क्रमांक केव्हाच बदललेला आहे.

इंग्रजीच्या मास्तरांचा एक नवाच वर्ग मात्र दरम्यान शाळेबाहेर निर्माण झाला. अंधेरीस १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यातकेंद्राच्या आसपास आणि मालाडच्या काचेच्या इमारतींतून, नव्या शतकाच्या आरंभी, रात्रपाळीची कॉल सेंटरे भरभराटीस आली आणि त्यांना उच्चार सुधारून देणारे 'ट्रेनर' हवे झाले. बी.एड. होऊन शाळेत जागा न मिळालेली किंवा विनाअनुदानित तुकडीवर तुटपुंज्या मानधनात राबलेली कित्येक मुलेमुली तिकडे वळली. त्यातलीच एक, माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्या वर्गात मला घेऊन गेली होती. समोर वीस-बावीस तरुण, मराठी, गुजराती, उत्तर हिंदुस्थानी, सगळेच. आणि अडचण ही की 'वेट' आणि 'व्हेट', 'वाइन' आणि 'व्हाइन' त्यांच्या तोंडून एकच होऊन बाहेर येत. खालचा ओठ दाताखाली धरा, असे इंग्रजीतून तिने तीन वेळा सांगितले, आरसे वाटले, चित्र दाखविले. मग तिने काचेच्या दाराकडे एकवार पाहिले, बाहेर कोणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि पांढऱ्या फळ्यावर देवनागरीत दोन अक्षरे लिहिली: एका बाजूस 'व', दुसऱ्या बाजूस 'व्ह'. पहिल्याखाली वॉर्ड, वॉच, वेटर. दुसऱ्याखाली व्हॅन, व्हाइसरॉय, व्हिक्टोरिया. मराठी छापखान्यांनी कधी काळी परक्या शब्दांसाठी रुळविलेला हा भेद आमच्यापैकी प्रत्येक मराठी मुलाने दुकानांच्या पाट्यांवर वाचलेला होता. वर्गातली मराठी मुले आधी हसली, आणि मग त्यांनी उत्तर हिंदुस्थानी मुलांना समजावून सांगितले. दोन मिनिटांत वर्गाचे उच्चार जागेवर आले.

तिने ताबडतोब फळा पुसला. 'सर,' ती मला हलक्या आवाजात म्हणाली, 'हे टाचणात लिहीत नाही हं मी.'